आधी डिफॉल्ट फोनवर चालू द्या : वेब फ्रेमवर्कच्या मेंटेनर मंडळींना खुले पत्र

प्रति,
वेब ॲप्लिकेशन फ्रेमवर्क लिहिणारे, सांभाळणारे आणि पुढच्या रिलीजमध्ये काय जाणार हे ठरवणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या कोणालाच मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही, पण तुमचा कोड रोज वापरतो. जँगो, रेल्स, लाराव्हेल, म्हणजे वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे, आणि अलीकडे जावास्क्रिप्टवाल्यांपैकी दोन-तीन. यातलं बरंचसं काम तुम्ही नोकरी सांभाळून, फुकटात करता हे ठाऊक आहे. त्यामुळे पत्रात तक्रारी असल्या तरी हक्क गाजवायचा नाहीये. मागणी एकच आहे : नवा प्रोजेक्ट सुरू करायची कमांड दिल्यावर जे तयार होतं, ते मी स्वतःची एक ओळही लिहिण्याआधी फोनवर धड चाललं पाहिजे. थीम नको, रंगसंगती नको, आणखी एक कंपोनंट लायब्ररी तर अजिबात नको. फक्त डिफॉल्ट, म्हणजे काहीही न बदलता आपोआप जे मिळतं ते, नीट असू द्या.

मोबाइलचा विषय काढला की तुमच्याकडून साधारण दोन उत्तरं येतात. पहिलं, ‘दिसणं हे सीएसएसचं (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेचं) काम, आम्ही त्यात पडत नाही.’ दुसरं, ‘सोय आहे, डॉक्युमेंटेशन वाचा आणि चालू करा.’

दुसऱ्या उत्तराचं काय होतं ते बूटस्ट्रॅप या तयार सीएसएसच्या संचाने दाखवून दिलंय. २०१२ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत छोट्या स्क्रीनसाठी स्टाइल होत्या, पण ऐच्छिक. ज्याला हव्या त्याने जोडून घ्याव्यात. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी हे उलटं केलं, मोबाइल मुळातच धरून सगळं नव्याने लिहिलं. मग ज्याने आयुष्यात कधी मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या मापानुसार सजावट बदलणारा नियम) लिहिली नव्हती, त्याचीही साइट फोनवर वाचता यायला लागली. काम करणारी माणसं तीच, डेडलाइन तीच. बदललं ते फक्त डिफॉल्ट. ऐच्छिक ठेवलेली सोय ज्याला आधीच कळतंय त्याच्याच उपयोगी पडते.

पहिलं उत्तर जास्त गंभीर आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. बटण निळं असावं की हिरवं, हे तुम्ही ठरवू नये. पण फोनवरचे निम्मे त्रास दिसण्याचे नसतातच. फील्डवर बोट ठेवलं की कुठला कीबोर्ड वर येतो, हे सीएसएस ठरवत नाही. ते ठरतं तुमच्या टेम्प्लेटमधून (पानाच्या साच्यातून) बाहेर पडणाऱ्या एचटीएमएलवरून, म्हणजे पानाच्या रचनेच्या कोडवरून. आणि इथे तुमच्याकडे अशी माहिती असते जी कुठल्याही सीएसएस लायब्ररीकडे नसते : मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधल्या माहितीचा आराखडा. हा कॉलम तारखेचा आहे, हा ईमेलचा, हा पूर्णांक, हा जास्तीत जास्त सहा अक्षरांचा, हा रिकामा चालत नाही. डेटाबेसला सांगताना हे सगळं तुम्ही काटेकोर सांगता. ब्राउझरला सांगायची वेळ आली की अचानक मोघम होता.

साधं उदाहरण घेऊ. नोंदणीचा फॉर्म : नाव, ईमेल, फोन, जन्मतारीख आणि शेवटी एसएमएसने आलेला सहा आकडी कोड. रेल्समध्ये स्कॅफोल्डने (आपोआप कोड बनवणाऱ्या कमांडने) हा बनवला आणि ईमेलचा कॉलम स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून दिला, तर साधा टेक्स्ट फील्ड मिळतो. म्हणजे @ हे चिन्ह शोधायला कीबोर्डचं दुसरं पान उघडायचं, आणि पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालं की ते मागे जाऊन खोडायचं. जँगोने १.६ मध्ये, २०१३ साली, ईमेल फील्डला योग्य टाइप (फील्ड कशाचा आहे ते ब्राउझरला सांगणारी खूण) दिला. त्याबद्दल खरंच आभार. पण तिथलाच तारखेचा फील्ड आजही डिफॉल्टने टाइप टेक्स्ट म्हणूनच बाहेर पडतो. फोनमध्ये तारीख निवडायचं उत्तम साधन आधीच बसवलेलं आहे, आणि आपण माणसाला वर्ष आधी की दिवस आधी, मध्ये रेघ की ठिपका, हे कोडं घालत बसतो. यामागे लोकेलनुसार (त्या-त्या देशाच्या पद्धतीनुसार) तारीख लिहिण्याचं कारण आहे हे मला माहीत आहे. पण ते कारण ज्या काळातलं आहे, त्या काळात सगळ्या ब्राउझरांत तारीख-निवडक नव्हता.

फोन नंबरचा फील्ड तर सगळीकडेच अनाथ. कोणी तो साध्या टेक्स्टवर सोडतं, कोणी घाईत टाइप नंबर लावतं आणि मग सुरुवातीचं शून्य गायब होतं. सहा आकडी कोडसाठी इनपुटमोड न्यूमेरिक आणि ऑटोकम्प्लीट वन-टाइम-कोड एवढं लिहिलं, तरी आयफोन २०१८ पासून आलेला कोड कीबोर्डच्या वरच सुचवतो. दोन ॲट्रिब्यूट, म्हणजे फील्डवरच्या दोन सूचना. हे दोन ॲट्रिब्यूट लिहायचं हजारो डेव्हलपरांनी हजारो वेळा लक्षात ठेवायचं, की तुम्ही एकदाच ‘कोड’ नावाचा फील्डचा प्रकार करून टाकायचा?

आता याच फॉर्मवर आयफोनमध्ये बोट ठेवा. इनपुटमधल्या अक्षरांचं माप १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर सफारी पान मोठं करते. ब्राउझरचं स्वतःचं माप त्याहून लहानच असतं, त्यामुळे स्टाइल न लावलेला प्रत्येक फॉर्म ही उडी मारतो. माणूस फील्ड भरतो, पान उजवीकडे सरकलेलं राहतं, पुढचा फील्ड शोधायला दोन बोटांनी परत लहान करतो. क्लायंट ओरडतो. डेव्हलपर शोधाशोध करतो आणि पहिलं सापडलेलं उत्तर चिकटवतो : व्ह्यूपोर्टमध्ये (पान स्क्रीनवर कसं बसवायचं त्या सूचनेत) मॅक्झिमम-स्केल १, युझर-स्केलेबल नो. आता उडी थांबली, पण बाकीच्या फोनांवर ज्याला बारीक अक्षर दिसत नाही त्याचं झूमही गेलं. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासून सफारीत ही बंदी जुमानायचीच नाही असं ठरवलं, इतका तिचा गैरवापर होत होता. मुळात इलाज काय होता? इनपुटला १६ पिक्सेल. तुमच्या सुरुवातीच्या टेम्प्लेटमध्ये ही एक ओळ असती तर ही साखळी सुरूच झाली नसती.

चुका दाखवण्याची तऱ्हाही तीच. रेल्सचं स्कॅफोल्ड सगळ्या चुकांची यादी फॉर्मच्या डोक्यावर ठेवतं. मोठ्या स्क्रीनवर यादी आणि फील्ड एकाच वेळी दिसतात, म्हणून ते चालून जातं. फोनवर यादी वाचायची, खाली जायचं, फील्ड शोधायचा, दुसरी चूक काय होती ते विसरायचं, परत वर यायचं. शिवाय चुकलेल्या फील्डभोवती आणि त्याच्या लेबलभोवती एक जास्तीचा डिव्ह (रिकामा खोका) गुंडाळला जातो. लेआउट फ्लेक्स किंवा ग्रिडवर (सीएसएसच्या मांडणीच्या पद्धतींवर) बांधलेला असेल तर नेमका चूक झाल्यावरच तो मोडतो, आणि चूक करून बघायचं डेमोच्या दिवशी कोणाला सुचत नाही. इथे जँगोने २०२३ च्या डिसेंबरात ५.० मध्ये चांगलं काम केलं. चुकलेल्या फील्डला आरिया-इनव्हॅलिड, मदतीच्या मजकुराला आरिया-डिस्क्राइब्डबाय (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठीच्या खुणा), आणि फॉर्म टेबलऐवजी डिव्हमध्ये. पण तोवर काय होतं ते आठवून बघा : टेम्प्लेटमध्ये नुसतं फॉर्म लिहिलं की टेबलाच्या ओळी बाहेर पडायच्या. आयफोन येऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. जँगोचं ॲडमिन (डेटा सांभाळायची तयार पानं) मोबाइलवर नीट चालायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, तेही आवृत्ती २.० मध्ये. उशीर झाला म्हणून नावं ठेवत नाही. जे झालं ते डिफॉल्टमध्ये झालं, म्हणून नुसत्या अपग्रेडवर सगळ्यांना मिळालं. मला हवंय ते हेच.

फॉर्मबद्दल आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. फोनवर माणूस एका बैठकीत फॉर्म भरत नाही. मध्येच कॉल येतो, नंबर बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जावं लागतं, फोटो शोधावा लागतो. तोवर मेमरी कमी पडली म्हणून ब्राउझरने टॅब टाकून दिलेला असतो. परत आल्यावर पान नव्याने लोड होतं आणि लिहिलेलं सगळं जातं. किंवा टॅब टिकतो पण सेशन (सर्व्हरने माणसाला लक्षात ठेवायचा काळ) संपतं. लाराव्हेलमध्ये सेशनची डिफॉल्ट मुदत १२० मिनिटं आहे. त्यानंतर सबमिट दाबलं की एरर ४१९, ‘पेज एक्स्पायर्ड’, पांढऱ्या पानावर एक ओळ. जँगोत सीएसआरएफ टोकन (फॉर्म खरंच याच साइटवरून आला हे तपासणारी खूण) जुळलं नाही की ४०३. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत, हे टोकन ढिलं करा असं मी म्हणणार नाही. पण वीस मिनिटं अंगठ्याने टाइप केलेल्या माणसाला तुम्ही रिकाम्या हाताने परत पाठवता. मी सांभाळत असलेल्या एका ॲपवर तपासणीचे फॉर्म भरणारी माणसं सगळं आधी नोट्समध्ये लिहितात आणि मग एकेक करून पेस्ट करतात. त्यांना कोणी शिकवलेलं नाही, पोळून शहाणी झालेली आहेत.

हे फ्रेमवर्कलाच सोडवता येईल. फॉर्म हेल्परमध्ये एक पर्याय द्या, डिफॉल्टने चालू : लिहिलेला मसुदा सेशन स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या त्या टॅबपुरत्या साठ्यात) राहील, टॅब परत उघडला की भरला जाईल, यशस्वी सबमिटनंतर पुसला जाईल. पासवर्ड, कार्डाचा नंबर आणि ‘साठवू नका’ अशी खूण असलेले फील्ड वगळून. छोटीशी स्क्रिप्ट आहे. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ती वेगळी आणि अर्धवट लिहिली जाते, आणि अर्धवट लिहिली की पासवर्डही साठवून बसते. असं काम मध्यवर्ती कोडमध्येच असायला हवं.

जुन्या फोनांकडे वळतो. रेल्स ७.२ मध्ये, ऑगस्ट २०२४ ला, नव्या ॲपच्या ॲप्लिकेशन कंट्रोलरमध्ये (सगळ्या विनंत्या जिथून जातात त्या कोडमध्ये) एक ओळ आपोआप यायला लागली : फक्त आधुनिक ब्राउझरांना परवानगी. आधुनिक म्हणजे उदाहरणार्थ सफारी १७.२ किंवा क्रोम १२० पासून पुढचे. त्याहून जुन्यांना एरर ४०६ आणि ‘तुमचा ब्राउझर चालत नाही’ असं पान. आयफोन ८ आणि आयफोन एक्स आयओएस १६ वर थांबले, म्हणजे त्यांची सफारीही तिथेच थांबली. ज्याच्या हातात असा फोन आहे त्याला ‘अपडेट करा’ म्हणणं म्हणजे नवा फोन घ्या म्हणणं. नवी सीएसएस वैशिष्ट्यं बिनधास्त वापरता यावीत हा हेतू मला समजतो, आणि कंपनीच्या आतल्या टूलसाठी तो ठीकही आहे. पण ज्या ॲपने फक्त चार फील्ड आणि एक बटण दाखवायचंय, त्यानेही दारातूनच परत पाठवावं? ओळ काढायला एक सेकंद लागतो हे खरं. पण ती तिथे आहे हे कळतं ते बहुधा कोणाची तरी तक्रार आल्यावर, आणि ज्याला पान उघडलंच नाही तो तक्रार करणार कुठे? ही ओळ कॉमेंट करून ठेवा, वर दोन वाक्यांत परिणाम लिहा, आणि ज्याला हवी तो उघडेल. ऐच्छिक ठेवावं असं या पत्रात मला एवढंच वाटतं.

पानासोबत येणाऱ्या जावास्क्रिप्टच्या वजनाचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकला असेल, म्हणून लांबवत नाही. सर्व्हरवरून पान झटकन आलं, बटण दिसलं, दाबलं आणि काहीच झालं नाही, कारण हायड्रेशन, म्हणजे पानाला जावास्क्रिप्ट जोडणं, अजून चालू आहे. स्वस्त फोनचा प्रोसेसर तुमच्या लॅपटॉपसारखा नाही. मार्च २०२४ पासून कोअर वेब व्हायटल्समध्ये (गूगलच्या वेबपानांच्या मापदंडांत) आयएनपी (दाबल्यावर पान प्रतिसाद द्यायला किती वेळ घेतं ते) मोजलं जातं आणि २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद म्हणजे चांगलं असं धरलं जातं. तुमच्या स्टार्टर टेम्प्लेटला किती लागतात ते मधल्या दर्जाच्या खऱ्या फोनवर मोजून रिलीज नोट्समध्ये छापा, एवढं पुरे. स्वेल्टकिट या फ्रेमवर्कमध्ये फॉर्म ॲक्शन जावास्क्रिप्ट लोड न होताही चालतात. बाकीच्यांनी ते उचलावं. यात लाज कसली?

‘खऱ्या फोनवर’ असं म्हणालो, पण तिथे पोहोचणंच तुम्ही अवघड करून ठेवलंय. डेव्हलपमेंट सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच लॅपटॉपपुरता, ऐकतो. व्हीट हे डेव्हलपमेंटचं साधन निदान सांगतं तरी की नेटवर्कवर हवं असेल तर होस्टचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) द्या. जँगोमध्ये 0.0.0.0 वर (नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठी) सर्व्हर चालू केला की फोनवर पान नाही, डिसअलाउड होस्टची चूक दिसते; मग सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचा आयपी टाका, तो उद्या बदलणार. हे सगळं पार केलं आणि कॅमेरा किंवा लोकेशन वापरणारं पान उघडलं की ते गप्पच, कारण ब्राउझर या गोष्टी सुरक्षित कनेक्शनवरच देतो. लोकलहोस्टला त्यातून सूट आहे, लॅपटॉपच्या आयपीला नाही. म्हणजे कॅमेऱ्याचं फीचर लॅपटॉपच्या वेबकॅमवर तपासायचं आणि फोनवर थेट प्रॉडक्शनमध्ये बघायचं! यामुळे डेव्हलपर ब्राउझरच्या डिव्हाइस मोडमध्ये खिडकी अरुंद करतो आणि झालं म्हणतो. त्या मोडमध्ये कीबोर्ड वर येत नाही, त्यामुळे खाली चिकटवलेलं ‘जतन करा’ बटण कीबोर्डमागे दडतं हे दिसतच नाही. माउसचा बाण अंगठ्याइतका जाड नसतो, म्हणून दोन आयकॉन एकमेकांना खेटून असलेलेही खपतात. डब्ल्यूसीएजी २.२ ने (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक निकषांनी) ऑक्टोबर २०२३ मध्ये दाबायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले, ॲपल ४४ पॉइंट सांगतं. तुमच्या डिफॉल्ट पेजिनेशनच्या (पान १, २, ३ च्या) लिंक एकदा मोजून बघा.

एक्स्पो हे मोबाइल ॲपचं फ्रेमवर्क टर्मिनलमध्ये क्यूआर कोड दाखवतं. फोन समोर धरला की ॲप हातात. वेब फ्रेमवर्कनेही हेच करावं : एक कमांड, त्यात तात्पुरतं प्रमाणपत्र, स्थानिक नेटवर्कपुरती परवानगी आणि क्यूआर. सुरक्षेची काळजी असेल तर फ्लॅगमागे ठेवा, पण फ्लॅग एकच असू द्या आणि ट्युटोरियलच्या पहिल्याच प्रकरणात असू द्या. सुरुवात करणारा ज्या दिवशी पहिलं पान बनवतो त्याच दिवशी ते फोनवर बघेल, तर पुढचं निम्मं सांगावंच लागणार नाही.

आणि चाचण्या! रेल्स जनरेट करत आलेल्या सिस्टिम टेस्टच्या (ब्राउझर चालवून घेतलेल्या चाचणीच्या) फाइलमध्ये स्क्रीनचं माप १४०० बाय १४०० लिहिलेलं असतं. असा चौकोनी स्क्रीन कोणाच्या खिशात आहे कोण जाणे. तिथेच ३२० रुंदीची दुसरी फेरी घाला. हा आकडा माझा नाही, डब्ल्यूसीएजी २.१ मधला रिफ्लोचा निकष तोच आहे, ३२० पिक्सेल रुंदीत आडवं सरकवावं लागू नये. पान स्क्रीनपेक्षा रुंद झालं की टेस्ट लाल. एवढी एक तपासणी डिफॉल्ट असली तरी रुंद टेबलं, मोठे यूआरएल आणि पिक्सेलमध्ये रुंदी ठोकलेल्या इमेजेस पहिल्याच दिवशी पकडल्या जातील.

टेबलांबद्दल चिडून लिहिलं असतं, पण त्यावर एकच योग्य उत्तर नाही. कधी प्रत्येक ओळीचं कार्ड बरं, कधी पहिला कॉलम जागेवर ठेवून बाकीचं आडवं सरकवणं बरं. फक्त प्रत्येक सेलवर त्याच्या कॉलमचं नाव लिहून ठेवा, ते तुमच्याकडे असतंच; मग कार्ड करायचं की नाही ते मी दोन ओळींच्या सीएसएसने ठरवीन.

जाता जाता, लिपीचंही बघा. देवनागरी मजकुराला लेटर-स्पेसिंग लावलं की शिरोरेषा तुटते, लाइन-हाइट १ ठेवली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. फोटो नसलेल्या माणसाच्या गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवताना क्षितिजाचा नुसता ‘क’ होतो. लॅटिन अक्षरांवर बेतलेल्या बटणाच्या ठरावीक उंचीत लेबल दोन ओळींचं झालं की दुसरी ओळ बटणाबाहेर. उंची ठोकू नका, पॅडिंग द्या. हे मोठ्या स्क्रीनवर लपतं, फोनवर उघडं पडतं.

हे सगळं पुढच्या एका रिलीजमध्ये व्हावं अशी अपेक्षा नाही. जुनी ॲप्स मोडतील ही भीती रास्त आहे, पण नव्या प्रोजेक्टला नवं डिफॉल्ट आणि जुन्याला जुनं, हे सेटिंग्जच्या फाइलमधून तुम्ही आजवर अनेकदा केलेलं आहे. सुरुवात फील्डपासून करा : मॉडेलवरून टाइप, इनपुटमोड आणि ऑटोकम्प्लीट काढणं, आणि टेम्प्लेटमध्ये इनपुटला १६ पिक्सेल. यात कोणाचं डिझाइन बिघडत नाही आणि वादही फारसा होणार नाही. मसुदा जपण्याचं काम त्याच्या मागोमाग. फोनवर उघडायच्या कमांडवर मात्र चर्चा बरीच होईल, ती आत्ताच उघडा.

माझ्याकडे अपडेट बंद झालेले काही जुने फोन आहेत. रिलीज कँडिडेट (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) आला की तुमचं कोरं प्रोजेक्ट त्यांवर चालवून, स्क्रीनशॉटसकट इश्यू लिहून द्यायला मी तयार आहे. इश्यू ‘डिझाइनचा प्रश्न, आमच्या कक्षेबाहेर’ म्हणून त्याच दिवशी बंद करू नका, एवढीच विनंती.

आपला,
तुमच्या फ्रेमवर्कवर पोट असलेला एक वेब डेव्हलपर